शेड, यंत्रं आणि वाळू भरलेली बाटली

"टाकीत काय आहे ते वासावरून कळतं, पण इंजिनाच्या आत काय उरलंय ते चालवून बघितल्याशिवाय कळत नाही," असं बाबा मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी शाळेत होते आणि ते यंत्रांबद्दल बोलतायत असंच मला वाटलं होतं.

मी, या शेडची आणि वरच्या घराची मालकीण, गवत कापायची व झाडं छाटायची यंत्रं भाड्याने देणारी आणि दुरुस्त करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते आहे. दडपण नाही, हे लिहायला वकीलबाईंनी मला दोनदा बजावलं. इतकं बजावण्यासारखं त्यात काय आहे, याचा मी अजून विचार करते आहे. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "अगदी साधं आहे, ताई. काळजी नको." साधंच काम आहे म्हणून गिऱ्हाइकांनी माझ्यापुढे आणून टाकलेली यंत्रं मी आयुष्यभर पाहिली आहेत. म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

१. शेडच्या वरच्या दोन खोल्या आईच्या हयातीत आईच्याच राहतील. तिला तिथून कोणीही, कितीही गोड बोलून, हलवू नये. आईनंतर त्या माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. आमचं येणंजाणं बंद आहे, तरी रस्त्यात दिसले की ती "आत्या" म्हणून हाक मारते आणि मग चटकन मागे बघते, घरचं कोणी ऐकलं की काय. एवढी जोखीम फुकट जाऊ नये.

२. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी वापरावी, उरेल ते भाचीला द्यावं. आकडा इथे लिहीत नाही. मृत्युपत्र टाइप करणाऱ्यालाही डोळे असतात.

३. शेड शेजारच्या रंगवाल्याला विकू नये, भाड्याने देऊ नये, "चारच डबे ठेवतो, तात्पुरते" असं तो म्हणाला तरी ठेवू देऊ नयेत. माझ्या दुखण्याचा सुगावा लागल्यापासून तो रोज तब्येत विचारायला येतो आणि मी उत्तर देत असताना दाराच्या चौकटीकडे बघतो.

"काय मोजताय?" मी परवा विचारलं.

"छे हो ताई, रंग उडालाय तेवढा बघत होतो."

त्यानेच मला नवा म्हणून विकलेला हिरव्या रंगाचा डबा फळीवर आहे. उघडल्या उघडल्या आत जाड साय निघाली होती. तेवढा मात्र त्याला माझ्यातर्फे आठवणीने द्यावा.

४. नट खोलायचे पाने, धार लावायचं चाक आणि माझं कामाचं टेबल भाचीला द्यावं, तिला हवं असेल तरच. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली ठेवलेली पत्र्याची चकती कचरा समजून फेकू नये.

५. शेड, धंदा आणि सगळी यंत्रं याच धाकट्या भावाला द्यावीत. हा कधी एका जागी उभा राहिला नाही, म्हणून घरात त्याला भोवरा म्हणतात. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, "नक्की? तुम्हीच तर म्हणालात तो दगाबाज आहे." म्हणाले होते. त्यामुळे या कलमाला जास्त जागा लागणार आहे.

बाहेरच्याला कळावं म्हणून सांगते. गवत वाढायचं थांबलं की आमची यंत्रं काही महिने पडून राहतात. पेट्रोल पडून राहिलं की नासतं, त्याचा चिकट थर बसतो आणि पुढच्या हंगामात दोरी ओढून खांदा निखळला तरी यंत्र सुरू होत नाही. ते होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकतात. आम्ही त्याला औषध म्हणतो, आणि या सगळ्या कामाला यंत्रं झोपवणं. औषध ताज्या पेट्रोलमध्येच टाकायचं. "टाकी फुल करून आणलीय, ताई!" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर विश्वास ठेवू नये. ते पेट्रोल त्याच्या घरी कधीपासून पडलं होतं देव जाणे, आणि शिळ्यात औषध टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं. टाकी जवळजवळ काठोकाठ भरायची. मग इंजिन दहाएक मिनिटं चालवायचं, म्हणजे औषध इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत पोहोचतं. हे शेवटचं काम राहून गेलं, तर टाकीत औषध असूनही आत जुनंच पेट्रोल उरतं आणि तिथेच चिकटतं.

बाबा वरच्या खोलीत अंथरुणाला खिळले, त्या वर्षी यंत्रं भोवऱ्याने झोपवली. मी बाबांच्या उशाशी होते. बाबा गेले. पुढच्या हंगामात एकही यंत्र सुरू झालं नाही. दारात गिऱ्हाइकं उभी होती, आणि रंगवालाही होताच.

"औषध टाकलंच नाहीस तू," मी म्हणाले.

"टाकलं होतं, ताई. शपथ."

मी फळीवरची औषधाची बाटली सगळ्यांना दाखवली. तिचं सील तसंच होतं.

"ही नाही, मी दुसरी आणली होती."

"बरं, मग इंजिनं चालवलीस?"

तो फडकं घेऊन हात पुसायला लागला. मी म्हणाले, "बघा! चोराच्या मनात चांदणं." तो फडकं टाकून निघून गेला, तो आजतागायत आला नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. यंत्रं मुद्दाम बिघडवली, म्हणजे गिऱ्हाइकं तिकडे वळतील, हा माझा संशय मी इतकी वर्षं जिवापाड सांभाळला.

गेल्या आठवड्यात आईची खोली आवरत होते. तिच्या खिडकीत झडप अडवायला एक बाटली असते, वाळू भरलेली. रोज दिसते म्हणून कधी बघितलीच नव्हती. या वेळी उचलली, धूळ पुसली, तर खाली औषधाचं लेबल.

"आई, ही कुठून आली?"

"भोवऱ्याने भरून दिली होती. बाबांचा डोळा लागायचा आणि झडप आपटायची ना!"

"कधी?"

"ते जायच्या आधी. यंत्रं झोपवली, त्याच दिवशी."

मी खाली येऊन यंत्रांमध्ये बसले. टाक्यांमधलं पेट्रोल त्या वर्षी स्वच्छ होतं, चिकटलं होतं ते फक्त आत. हे मला तेव्हाही दिसलं होतं. इंजिन चालवायचं नसेल तर स्क्रू ढिला करून कार्बोरेटर आवाज न करता रिकामा करता येतो, पण ते काम त्याला कधी जमलं नाही. आणि ज्याने खिडकीची झडप वाजू दिली नाही, तो बाबांच्या खोलीखाली एवढी इंजिनं घरघरू देईल?

तेव्हा मी लिहून ठेवते की माझा भाऊ यंत्रं बिघडवणारा नाही, असा मला दाट संशय आहे. पुरावा म्हणून सदर बाटली जोडली आहे. वाळू सांडू नये.

६. ही वाटणी पटली नाही तर कोणीही भांडावं. मात्र आईसमोर नको.

साक्षीदार: एक, वकीलबाईंचा कारकून. सही करण्याआधी त्याला सगळं मोठ्याने वाचायला लावलं. दोन, समोरची शिंपीण. तिने न वाचता सही केली, हे मला आवडलेलं नाही.

सही: माझी, स्वतःच्या हाताने.
स्थळ: शेडमधलं टेबल.
दिनांक: हंगाम संपत आल्यावरचा सोमवार. तारीख वकीलबाई शिक्क्यासोबत घालतील.

सहीखाली एक गोष्ट. तिला कायद्याचं बळ नाही. वकीलबाई नको म्हणत असतानाही याची एक प्रत आजच दुसऱ्या टोकाच्या दुकानात पाठवते आहे. भोवऱ्या, या रविवारी यंत्रं झोपवायची आहेत आणि डॉक्टरांनी मला दोरी ओढायची मनाई केली आहे. औषध तू टाक, दोऱ्या तू ओढ, आणि प्रत्येक इंजिन चांगलं दहा मिनिटं घरघरू दे. आईला विचारलंय. ती म्हणाली, "होऊ दे की आवाज. घर फार गप्प झालंय." तू नाहीच म्हणशील, मी तुला ओळखते. तरी ये.