मोरेश्वराचे सुतक

कर्जत,
माघ शुद्ध ४, शके १८५०

चिरंजीव मोरेश्वरास दादाचे अनेक आशीर्वाद.

'चिरंजीव' हा शब्द आज मुद्दाम पूर्ण लिहिला आहे. कारण पुढे येईल.

तुझे कार्ड पोचले. शिमग्याला मंडळींसह येतोस, छान. पुण्याहून गाडी घाट आपली आपण उतरते, आपल्याला ढकलावी लागत नाही, हा शोध तुला उशिरा का होईना लागला.

इकडे थंडी बरी आहे. भात चांगले पिकले, त्यामुळे गिरणी दिवसभर धडधडते आणि गिरणीच्या दिवाणजीला, म्हणजे मला, मान वर करायला सवड नाही. आईची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलते मात्र स्पष्ट. तेवढे देवाने विचारपूर्वक ठेवले. तुझी वहिनी गेल्यापासून घरात दुसरे माणूस नाही. शेजारची भागूबाई दिवसा बसते, कूस बदलून देते. पण आईचे सोवळे तुला ठाऊक आहे. कुणबिणीचा हात अंगाला चालतो, पाण्याला चालत नाही. तांब्या उशाशी, आणि मी गिरणीतून येईपर्यंत जीभ टाळूला.

शेठजींना म्हटले, दुपारी घटकाभर घरी जाऊ द्या, तेवढे काम दिवे लागल्यावर भरून काढतो.

"दिवाणजी, आई कोणाला नसते? उद्या सगळे हमाल आईला पाणी पाजायला जातील." मग लोडाला टेकून म्हणाले, "कोणी वारले असते तर गोष्ट वेगळी. सुतक्याला मी गादीला शिवू देत नाही. दहा दिवस खुशाल घरी."

संस्कृतात सूतक म्हणजे मुळात जन्माचा विटाळ, मरणाचे ते अशौच, हे मी त्यांना शिकवायला गेलो नाही. अर्थ पुरता कळला होता.

आता रागावू नकोस. दुसऱ्या दिवशी पायरीखालीच उभा राहिलो आणि सांगितले, पुण्याला माझा धाकटा भाऊ वारला. घरात मरण्याजोगे दुसरे कोणी शिल्लक नव्हते. शेठजींचे डोळे भरून आले. तू धाकटा, धाकट्यासाठी क्षौर नाही, म्हणून माझी मिशी वाचली, तेवढे तुझे उपकार.

आईला वेळेवर पाणी मिळू लागले. पण गाव लहान. भागूबाईने गिरणीवर ऐकले आणि खाटेशी बसून गळा काढला, "आवं आजी, तुमचा धाकला गेला म्हनं! आन् दादा तुमाला बोललं पन नाय!"

मी दारात. खरे सांगितले असते तर दिवस मावळायच्या आत ते शेठजींकडे गेले असते.

आई आढ्याकडे पाहत होती. रडली नाही. म्हणाली, "तो होय? तो कधीचाच गेलाय." मग, "भागे, मला सुतक ना गं आता?"

"व्हय, आजी."

"मग कसलं मेलं सोवळं! दे पाणी."

भागूबाई घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली. आई घटाघटा प्याली. ओघळले ते भागूबाईने पदराने टिपले. सुतकात सोवळे असे सुटते, याला शास्त्रात आधार नाही. मी शोधलाही नाही.

दहावा झाल्यावर म्हटले, आई, सुतक फिटले. "तुझं फिटलं असेल. मी आई आहे त्याची, माझं मरेपर्यंत. तू जा गिरणीत."

तिला खरे कळले आहे का, हे विचारायचा धीर मला नाही. परवा तुझे कार्ड आले तेव्हा तिने विचारले, "कोणाचं रे?" मी म्हटले, गिरणीचे. "बरं," म्हणाली, आणि भागूबाईला हाक मारून पाणी मागितले. तहान नव्हती. दोन घोट घेऊन ठेवले.

तेव्हा मोरू, येऊ नकोस. तू उंबऱ्यात दिसलास की माझी नोकरी जाईल. ती गेली तर दुसरी बघेन. पण आईचे सोवळे परत येईल. तू म्हणशील, मी पाजीन पाणी. पाजशील रे. शिमगा संपेपर्यंत.

मुलांना आशीर्वाद. सौभाग्यवतींना सांग, कुंकवाला धक्का नाही. हे सुतक घाटाखालचेच आहे.

तू तिथे सुखाने राहा. आम्ही तुझ्यावाचून बरे आहोत.

तुला रडू न शकलेला,
दादा