गोलगप्पा मावेना

रामघाट, काशी. गुरुवार, १२ डिसेंबर १९९६

आज वाळत घातलेला माझा डावा मोजा माकडाने नेला. उजवा ठेवला. काशीत मोक्ष मिळतो म्हणे, मोजे जोडीने राहत नाहीत. यावर पानभर रडलो असतो, पण मन दुसरीकडेच आहे.

पुतण्याने, श्रीधरने, महिनाभर गुटख्याला हात लावला नाही. वय एकोणीस. तलफ आली की त्याने माझ्याकडे यायचं आणि मी टोमणे मारायचे, हा आमचा इलाज. महिना काढलास तर दशाश्वमेधावर पोटभर गोलगप्पे, ही पैज. संध्याकाळी गेलो.

गोलगप्पा श्रीधरच्या ओठांशीच अडला.

"पूरा मुँह खोलिए, भइया," ठेलेवाला म्हणाला.

मी हसलो. "अरे, आ कर की! लाजतोस काय नवरीसारखा?"

"एवढंच उघडतं, काका. डॉक्टर म्हणाले, सोडलंस ते बरं केलंस, पुढचं टळेल. पण गुटख्याने आखडलेलं तोंड पहिल्यासारखं नाही व्हायचं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही केवढे खूश होता."

आ कर. लहानपणी घास भरवताना हेच म्हणायचो, आणि केवढा आ करायचा! महिनाभर तो माझ्यासमोर बसून हसत होता. तेच तोंड ना? मला कसं दिसलं नाही?

तिखट पाणी त्याला झोंबतं, म्हणून ठेलेवाल्याकडून दही मागून घेतलं. द्रोणात एकेक गोलगप्पा बोटांनी चुरला आणि त्याच्यापुढे धरला. सगळे संपेपर्यंत मी चुरत राहिलो, तो खात राहिला.