पस्तिशी की छत्तिशी

कार्तिक वद्य ३

दमणी गाडीचे बैल विकले. मी देवपूजेला बसले तेवढ्यात गेलेसुद्धा. जाताना घास घालायचा असतो, तोही घालू दिला नाही. साहेब म्हणाले, "मोटार येतेय. आता बैल कशाला, शेणाला?"

साहेब म्हणजे आमचे हे. नंदुरबारात मोठे वकील, म्हणून सगळे साहेब म्हणतात. मी फक्त या वहीत म्हणते. इथे नाक मुरडून म्हटलं तरी त्यांना दिसत नाही.

कार्तिक वद्य ५

सुरतेचा एजंट मोटार घेऊन आला. काळी, लांब नाकाची. सन पस्तीसचं मॉडेल. साल संपत आलं, ही एकच उरलीय, म्हणून कमी भावात देतोय. "थोडा दिवस राखो साहेब, चलावी जुओ." ट्रायलपुरता स्वतःचा ड्रायव्हरही ठेवून गेला.

इथवर ठीक होतं. जाता जाता मेल्याने चित्रांचं पुस्तक काढलं. सन छत्तीसचं मॉडेल. अजून बोटीत आहे, फाल्गुनापर्यंत येईल. झालं! दारातल्या गाडीकडे साहेब ढुंकून बघेनात. जेवताना पुस्तक, पान खाताना पुस्तक.

मी नावं ठेवली. दारातली पस्तिशी, पुस्तकातली छत्तिशी.

कार्तिक वद्य ७

माहेरचा सालदार झिपरू आला. भाऊने पाठवलं. सारंगखेड्याहून होडीने तापी उतरून पुढे सगळी वाट पायी. भाकरी पुढे ठेवली तर आधी निरोप सांगितला. "आक्का, मायनी खाट धरी शे. अन्न जात नई. तुनंच नाव लेस. कवय येशी, सांगू?"

आजउद्या येते म्हणून सांग, म्हटलं.

साहेबांना विचारलं. पस्तिशीने मला नदीपर्यंत सोडा, पुढे होडीने जाईन. "ट्रायलची गाडी आहे. त्या रस्त्यात स्प्रिंग मोडली तर गळ्यात पडेल." मग भाड्याची दमणी करा. "दारात मोटार असताना वकिलाची बायको भाड्याच्या दमणीतून? लोक तोंडात शेण घालतील." मग दोंडाईच्याहून सर्व्हिस मोटारीने जाते. "कोंबड्यांच्या खुराड्यात बसून?"

म्हणजे मोटार आहे म्हणून दमणी नाही, आणि ट्रायलची आहे म्हणून मोटार नाही. वकील उगाच नाही झाले.

कार्तिक वद्य ९

घर ते कोर्ट चालत गेलं तर पान रंगायच्या आत पोचतो माणूस. साहेब पस्तिशीतून जातात. वळणावळणावर भोंगा.

आज खरं बाहेर आलं. कापसाच्या जीनवाल्या शेठची मोटार चौतीसची आहे. "पस्तीसची घेतली तर मी त्याच्या एकच साल पुढे. छत्तीसची घेतली तर…" पुढे बोललेच नाहीत, नुसते मिशीला हात लावून हसले. माझी आई मरायला टेकलीय आणि यांचं शेठच्या पुढे किती सालं जायचं ते ठरत नाहीये.

कार्तिक वद्य ११

कासमचाचा आला. माझ्या माहेरचा घोड्यांचा पारखी. सासरे होते तेव्हापासून या घरात त्याने बघितल्याशिवाय घोडा घेतलेला नाही. साहेबांचं म्हणणं, मोटार झाली म्हणून रीत का मोडायची?

चाचाने गाडीला तीन फेऱ्या घातल्या. नाकावर थाप मारली. इंजिनावरचा टोप उघडायला लावला आणि दात बघावेत तसं आत बघितलं. ड्रायव्हर तोंडात रुमाल कोंबून हसत होता. डाव्या बाजूला जादा चाक बसवलंय, तिथे चाचा थांबला, घोड्याच्या केसांतला खोडीचा भोवरा दिसला की थांबतो तसा.

"डावी कुसले भवरा शे."

"मग?" साहेब एकदम पुढे.

"हाई घोडी ऱ्हाती ते मी म्हनतू, मालकीणले खाई."

घोडी असती तर, असं म्हणाला तो. साहेबांना पहिला तुकडा ऐकूच आला नाही. माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या जिवाशी खेळ नाही करायचा मला. छत्तिशीच घेणार." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या जिवाची चौकशी आज पहिल्यांदा. मी पण सगळ्यांदेखत म्हटलं, "खाऊ दे मला. तापीपर्यंत नेऊ दे आणि मग खाऊ दे."

साहेब बाहेर हसले. आत आल्यावर मनगट पिरगळलं. बांगड्या फुटल्या. मी काचा गोळा करत होते तर वरून म्हणाले, "बघ, भोवऱ्याचा गुण सुरू झाला."

मागच्या दाराशी चाचाला आईचं विचारलं, माणसं ओळखते का? "वयखं तिनी माले. पन आवाज बसी गया, बेटी."

मार्गशीर्ष शुद्ध २

एजंट अजून फिरकला नाही. पस्तिशी दारातच. साहेब अंघोळीला गेले तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसले. गुबगुबीत. ड्रायव्हरला विचारलं, तापी इथून किती वेळ? म्हणाला, "अभी निकले तो धूप चढने से पहले." चल मग, म्हटलं. मान खाली घातली त्याने. "साहेब को पूछो, बाई."

उतरले. दाराला माझ्या हाताचे ठसे उमटले होते, ते त्याने लगेच पुसले.

मार्गशीर्ष शुद्ध ९

झिपरू परत आला. सांगत होता, रस्त्याने घुंगरांची दमणी गेली की आई उठून बसते. "‘ऊनी का मन्ही पोर?’ असं इचारस. मंग परत पडी जास."

काय सांगू त्याला? बैल विकले हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, आक्का मोटारीने येणार आहे म्हणून सांग आईला. खूश होऊन गेला बिचारा. आता ती घुंगरं सोडून भोंग्याकडे कान लावून पडेल. एवढी अक्कल पाजळली मी आज.

मार्गशीर्ष शुद्ध १३

साहेब घोडेबाजाराला निघाले. आणि घोडेबाजार कुठे भरतो? सारंगखेड्याला. माझ्या आईच्या दारात.

पाय धरले. मला न्या. "जत्रेत माझ्यामागे तुझं रडगाणं नको." अहो, गावभरच्या बायका जातात! "गावभरच्या जातात, वकिलाची जात नाही." मग निदान तुम्ही तरी तिला बघून या. दत्ताच्या देवळामागेच तर घर आहे. हो म्हणाले. माझं एक जुनं मऊ लुगडं बांधून दिलं, आईच्या अंगाखाली घालायला. खाटेवर पडून पाठ सोलली असेल तिची. यांच्या आईचं सगळं मीच काढलंय, हागणंमुतणंसुद्धा. मला ठाऊक आहे पाठ कशी होते.

मार्गशीर्ष वद्य १

आले. मित्रांबरोबर, खुशीत. नवा चाबूक आणला. घोडा घ्यायचाच नव्हता तर चाबूक कशाला, ते विचारायचं नाही.

आई कशी आहे?

"गर्दीत जमलं नाही गं. बरी आहे म्हणे."

कोण म्हणे?

"लोक."

लुगडं परत आणलंय. चिखलाने भरलेलं. होडीतली फळी ओली होती, कोट खराब होऊ नये म्हणून ते खाली घालून बसले. हे मला त्यांनीच सांगितलं, सहज, हसत. "उपयोगी पडलं बघ तुझं लुगडं."

रडू आलं नाही. आमटीत मीठ मूठभर घातलं. साहेबांनी खाल्ली सगळी, तांब्याभर पाणी पीत पीत. एवढं जिवावर उदार होऊन जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं.

मार्गशीर्ष वद्य २

कासमचाचा आपली बिदागी मागायला आला होता. त्याला परसात गाठलं. चाचा, छत्तिशीत मालकाला खाणारा भोवरा सापडेल का? लहानपणी शिंगराच्या पाठीवर बसवायचा मला. "सापडी, बेटी. समदंच सापडस."

बैठकीत जाऊन त्याने चित्रांचं पुस्तक मागितलं. उलटसुलट धरून बघितलं. मग मागच्या चाकावर बोट ठेवलं. "पुठ्ठावर भवरा शे, साहेब. मालकले पाडी."

साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अरे चाचा, यंत्र आहे ते! लोखंडाला कुठले आलेत भोवरे? कुठल्या जगात आहेस?" मग हसायचं थांबवून म्हणाले, "पुन्हा या दारात येऊ नकोस. माझ्या बापाने पोसलं तेवढं पुरे."

माझ्या जिवावर आलं तेव्हा घोडी. यांच्या जिवावर आलं तेव्हा यंत्र.

चाचा परसातून गेला. माझ्याकडे न बघता. "तुन्हापाई मन्ही इज्जत गई." खरंच गेली. इतक्या वर्षांची, एका दुपारी, माझ्यापायी. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मार्गशीर्ष वद्य ४

एजंट आला. छत्तिशीची ऑर्डर लिहून घेतली आणि पस्तिशी घेऊन गेला. कुठे? पलीकडच्या आळीत. जीनवाल्या शेठच्या फाटकात! शेठने बायकोसाठी घेतली. म्हणजे शेठकडे आता चौतीसची पण आणि पस्तीसची पण, आणि साहेबांकडे पुस्तक.

साहेब जेवले नाहीत. मी त्यांच्या वाटणीचंही जेवले.

नंतर परसात जाऊन ओकले. दारात होती तोवर वाटायचं, कधी ना कधी मन वळेल यांचं. आता फाल्गुन. आईला कुठला फाल्गुन?

मार्गशीर्ष वद्य ६

झिपरू काल रात्रीच निघालेला. धापा टाकत आला. "आक्का, माय डोया उघडत नई. भाऊनी सांगेल शे, येवानं व्हई ते आजच ये."

साहेब ओसरीवर दाढी करत होते. ऐकलं त्यांनी. आरशातूनच म्हणाले, "फाल्गुनात छत्तिशी आली की पहिली फेरी सारंगखेड्याचीच. शब्द आहे माझा." आणि गालाला परत साबण लावला.

तेवढ्यात भोंगा वाजला. कांताबेन, शेठची बायको. सकाळ-संध्याकाळ आमच्या दारावरून गाडी मिरवते. साहेबांच्या नाकासमोरून न्यायची म्हणजे न्यायची. या बाईला मी भिशीत काय काय बोललेय, ते सगळं तिच्या कानावर गेलेलं आहे. मी तशीच रस्त्यात जाऊन गाडीपुढे उभी राहिले. अंगावरच्या लुगड्यानिशी.

"मला तापीपर्यंत सोडा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ओसरीवर, साबण लावलेल्या तोंडाकडे. काय उजळली बाई! "बेसो ने, वकीलबेन. तमारी ज गाडी समजो." झिपरूला पुढे बसवला.

साहेब पायऱ्या उतरून आले. अर्धी दाढी तशीच. दाराला हात घालून हळू आवाजात बोलले, कांताबेनला ऐकू जाऊ नये म्हणून. "या गाडीत बसून गेलीस तर या उंबऱ्याला परत पाय लावायचा नाही. पोर ना बाळ, तुझ्यावाचून काही अडत नाही इथे." मी दार ओढलं. त्यांची बोटं मध्ये होती. मला दिसली होती.

त्याच दिवशी, तापीच्या काठी

वही पोलक्यात होती म्हणून आली. पेन्सिल झिपरूने नावाड्याच्या टपरीतून आणून दिली.

कांताबेनने सरळ नाही आणलं. आधी सगळ्या बाजारातून फिरवलं. कोर्टासमोर ड्रायव्हरला म्हणाली, धीरे, धीरे. शिरस्तेदार, कारकून, अशील सगळे बाहेर येऊन बघत होते, वकिलाची बायको शेठच्या गाडीत. ती एकेकाला हात जोडत होती. मी मान खाली घातली नाही. तिने भाडं वसूल केलं, मी दिलं. साहेबांची किंकाळी अजून कानात आहे. आठवली की हसू येतं. असं व्हायला नको खरं तर.

ती परत गेली. होडी पलीकडे आहे. ड्रायव्हरने जायच्या आधी दोनदा भोंगा वाजवला, मीच सांगितलं. वारा तिकडेच वाहतोय. गेला असेल का ऐकू? ऐकायला कोणी असेल का?

पलीकडच्या काठावर माणसं जमलीत. आज ना जत्रा, ना बाजार. धोतरातला एक उंच माणूस पुढे येऊन पाण्यात उभा आहे, तो भाऊच. चालण्यावरून ओळखला. डोक्याला पागोटं असलं तर आई आहे. डोकं भादरलेलं असलं तर…

झिपरूची नजर माझ्याहून चांगली आहे. मघापासून डोळ्यांवर हात धरून तिकडे बघतोय. मी त्याला विचारलं नाही.

होडी तिकडून निघाली. भाऊ बसलाय तिच्यात. डोक्यावर पांढरं काहीतरी आहे. पागोटं असेल. नाहीतर उन्हात टाळू चमकत असेल.