राजा येऊन राहिला

मास्तर,

तुमचं संगीत नाटक मी कापून राहिलो, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर बोलता बोलता भरकटायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच, निघतो सावरगावला न् तिगावच्या फलाटावर संत्री सोलत बसतो. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपलं पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं. आपल्या नाटक मंडळीतले म्हणतात, जुनं नाटक आताच्या माणसाला कळेल असं कर. तुमची निम्म्याहून जास्त पदं उडवली. अडलो ते राजाच्या एका वाक्यावर.

तेच ते. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी सौसरला प्रयोग होता, राजा मी. राणी हाक मारते, मी म्हणायचं, "प्रिये, मी येत आहे." मी म्हणालो, "थांब, मी येऊन राहिलो." सारा मंडप हसला. अंक पडल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावरचा मुकुट काढून घेतलात. "राजा असा बोलतो काय रे? जा, जीभ धुऊन ये!" मी खरंच विहिरीवर जाऊन चूळ भरली. परत येतो तर मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर. तिथून निघालो तो गावोगाव भटकत राहिलो. तुम्ही गेल्याचंही मला फार उशिरा, मंडळीत परत आलो तेव्हा कळलं.

काल तालमीला तुमच्या पत्नी, आमच्या काकू आल्या. विचारलं, "काकू, राजानं काय म्हणावं?"

"मले काय विचारतं बाप्पा? तुझे मास्तर घरी म्हणत, 'जेवून राहिलो ना, थांब जराशी.' राजा काय जेवत नाही?"

सगळे हसले. मला हसावं की चिडावं, कळेना. घरी तुम्हीही तसंच बोलत होता, तर मग तो मुकुट? की रंगभूमीवर माणसानं घरचं राहूच नये? आता वहीत दोन्ही वाक्यं लिहिलीत. एक खोडतो, पुन्हा लिहितो. प्रयोग उद्या आहे, राजा मीच. तोंडातून कोणतं निघेल, देव जाणे.

हे पत्र कुठं टाकणार? वहीच्या त्याच पानात ठेवतो. फक्त एक सांगतो. त्या दिवशी माझी जीभ घसरली नव्हती. समोर माय बसली होती. घरी माझी तालीम ऐकून ती म्हणाली होती, "कोनाच्या घरचं बोलून राहिला रे तू?" तिला मी ओळखू यावा, म्हणून म्हणालो.

आणि मास्तर, सगळ्यांत आधी हसली ती तीच.