खऱ्या दुकानातली अंगठी

३ जानेवारी

चि. सुतळीस,
अ. उ. आ. वि.

तुझं कथांचं पुस्तक पोचलं. मागचा फोटो बघून सुतळीचा आता चांगला दोर झालाय म्हणून हे हसत सुटले. पुस्तक मात्र आधी मी पळवलं.

पहिल्या गोष्टीतली चिडकी मोठी बहीण मीच, हे ओळखलं. वेणी घालताना मी इतकी ओढत नव्हते, पण ते जाऊ दे. चौथ्या गोष्टीत सोफे दुरुस्त करणारा माणूस आहे. दुकान आपलंच. भिंतीला टेकवलेले मोडके सोफे, तोंडात खिळे-चुका धरून ठोकायची ह्यांची सवय, सोफा उसवताना आधी फटीत हात घालून बघणं, सगळं जसंच्या तसं. मग त्या हाताला गिऱ्हाइकाची अंगठी लागते आणि तो ती गुपचूप खिशात टाकतो. तिथे मी पुस्तक पालथं घातलं. हे कुठून आणलंस? प्रस्तावनेत तू म्हणतेस की यातलं काही घडलेलं, काही रचलेलं, आणि कुठलं कुठलं ते कुणालाच सांगणार नाहीस. मला तरी सांग. फोन केला असता, पण दुकान आणि घराच्या मध्ये एक पडदाच, ह्यांना ऐकू जाईल.

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी ताई

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, कसली धास्ती घेतलीस! अंगठी रचलेली आहे. कॉलेजची वर्षं तुमच्याकडे काढली, संध्याकाळी दुकानातच अभ्यासाला बसायचे, पण भाऊजींनी कुणाची टाचणीसुद्धा ठेवून घेतलेली पाहिली नाही. फटीत जे सापडेल ते पुडीत बांधून परत द्यायचे.

खरं सांगू? तीच तर अडचण झाली. भल्या माणसाची गोष्ट काही केल्या उभी राहीना. दिवसभर काम करतो, हात धुतो, जेवतो, यात वाचणाऱ्याने वाचायचं काय? म्हणून अंगठी घातली. भाऊजींना वाचायला दे, पोट धरून हसतील.

रागावू नकोस, लोभ ठेव.
तुझी सुतळी

२४ जानेवारी

चि. सुतळीस,
अ. आ.

तुझी गोष्ट उभी राहावी म्हणून तू आमचं दुकान बसवायला निघालीस. इथल्या वाचनालयात तुझ्या पुस्तकाला नंबर लागलेत. परवा औषधवाल्याची बायको आली होती. काम काहीच नव्हतं. सोफ्यांवरून हात फिरवत म्हणाली की तिची अंगठी हरवली ती त्यांचा सोफा आपल्याकडे आला त्याच वर्षी. म्हणाली आणि हसली. शाळेच्या खुर्च्या आपल्याकडे यायच्या होत्या, त्या दुसरीकडे गेल्या. हे म्हणतात, मंदी आहे. त्यांना अजून पत्ता नाही. पुस्तक मी धान्याच्या डब्यामागे लपवलंय.

आता मनातलं लिहिते. तुझ्या पत्राने माझं समाधान झालं नाही. रचलंय म्हणतेस, पण मला दुखवायचं नाही म्हणूनही तू तसंच म्हणशील. त्या वर्षी तू इथेच होतीस. नेमकी अंगठीच तुला कशी सुचली? हल्ली हे सोफा उसवायला बसले की मी चहाचं निमित्त करून पडद्याआड उभी राहते आणि त्यांच्या हाताकडे बघते. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी केलं नव्हतं. माझीच मला लाज वाटते, तरी पाय तिकडेच वळतात. तू काही पाहिलं होतंस का? एकदा काय ते सांगून टाक.

वाट बघतेय.
ताई

३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

औषधवाल्या काकूंची अंगठी हरवल्याचं मला माहीत होतं. अख्खी गल्ली शोधत होती, मीसुद्धा गटारात काठी घालून पाहिली होती. लिहिताना ती आठवली. अंगठी खरी, दुकान खरं, भाऊजींच्या तोंडातल्या चुकाही खऱ्या; अंगठीची आणि भाऊजींची गाठ तेवढी मी घातली. इतक्या खऱ्यात एक खोटं बेमालूम मिसळलं म्हणून तेव्हा मी स्वतःवरच खूश होते. आईशपथ सांगते, मी काहीही पाहिलेलं नाही, कारण काही घडलंच नाही.

काकूंना तसं पत्र टाकलंय. पुढच्या आवृत्तीतून गोष्ट काढून टाकीन. पण ताई, तुझंही मला कळलं नाही. माझ्यावर विश्वास नाही, ठीक आहे, ते मी ओढवून घेतलं. भाऊजींवर कसा नाही? मी बसल्या बसल्या लिहिलेल्या चार ओळी तुला त्यांच्यापेक्षा जवळच्या झाल्या? पाया पडते, त्यांना काही विचारू नकोस.

आहे तेवढा लोभ राहू दे.
सुतळी

१२ फेब्रुवारी

चि. सुतळीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी विचारून बसले होते. त्यांनी पुस्तक मागितलं आणि चष्मा लावून दुकानातच वाचलं. मध्येच मान हलवून बरोबर, बरोबर म्हणत होते. अंगठीपाशी आले आणि थांबले. त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या मनातलं किल्मिष तिथल्या तिथे गेलं. ह्यांनी काही घेतलेलं नाही, हे मला आता तुझ्या शपथेशिवाय कळतं. पण ते कळायला मला आधी विचारावं लागलं, याचं काय करू?

औषधवाल्याची बायको तुझं पत्र नाचवत आली होती. धाकटी बहीण कशी सावरून घेते बघा, म्हणाली.

त्या दिवसापासून दुकान बंद केलं की हे स्वयंपाकघरात येतात आणि माझ्यासमोर दोन्ही खिसे उलटे करतात. खडूचा तुकडा, दोरा, चारदोन चुका. ते ओट्यावर ठेवतात, मग हात धुतात. मला वाटलं, माझ्यावर राग काढतायत. काल मला रडू फुटलं, पुरे करा असं मी म्हणाले. तर हे अगदी शांतपणे म्हणाले की ते तुझ्यासाठी नाहीच. पुस्तकात बाकी सगळं इतकं बरोबर आहे, तेव्हा अंगठीही आपण घेतली असेल आणि आता आठवत नसेल, असं त्यांना वाटायला लागलंय.

ते तू रचलंयस, हे मी परोपरीने सांगितलं. पण त्यांनी मान हलवली. पोर रोज तिथेच बसलेली असायची, म्हणाले, ती कशाला खोटं लिहील?

लोभ आहे, तो कुठे जाणार? वाढव असं मात्र आज लिहवत नाही.
ताई