उद्याची ड्युटी

अप्पा, आज आम्ही कोर्टात जिंकलो आणि मला जेवण गेलं नाही. तुम्ही गेल्यावर मी साफसफाईला माणसं पुरवायचा धंदा उभा केला. कुणी कुठल्या टॉवरला किती वाजता जायचं, ते आम्ही आदल्या संध्याकाळी फोनवर कळवतो. ग्राहक ऐनवेळी सांगतो, आम्ही ते तसंच माणसांना कळवतो. इथल्या पालिकेनं ठराव केला, ड्युटी आठवडाभर आधी कळवा, नाहीतर परवाना नाही. आम्ही ठेकेदार कोर्टात गेलो. कामाच्या वेळांचे नियम करणं राज्य सरकारच्या हातात, पालिकेला तो अधिकारच नाही. मुद्दा बिनतोड होता, आणि वकिलाला तो मीच सुचवला होता.

तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजात ड्युट्या लावायचात. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारची सकाळ, आई पोहे परततेय, तुम्ही पेन्सिल आणि ड्युट्यांचा तक्ता घेऊन ओट्याशी उभे, आणि दारात ऑपरेटर बायका. "अप्पाजी, मंगल को सास की आँख का ऑपरेशन है." "पिछले महीने ससुर की थी ना? पूरे घर की आँखें बारी-बारी से?" सगळ्या हसतात, तुम्ही खोडून दुसरं नाव लिहिता. एकदा मी म्हटलं, "एवढं कशाला करता? नियमात कुठे आहे?" तुमची पेन्सिल थांबली. "नियमात नाही म्हणूनच माझ्याकडे येतात ना, गाढवा."

आज संध्याकाळी ऑफिसात पेढे वाटले. आमच्याकडे एक बाई आहे, तिच्या आईचं डायलिसिस चालू आहे. मशीनची वेळ हॉस्पिटल आधीच देतं, ड्युटी मात्र आम्ही आदल्या संध्याकाळी. या ठरावासाठी पालिकेत अर्ज घेऊन गेलेल्यांत तीही होती. पेढा तसाच हातात धरून म्हणाली, "सर, पालिका नहीं कर सकती, समझ गई. आप तो कर सकते हैं ना?" मी अगदी गोड हसून म्हटलं, "देखते हैं." माझे कान किती तिखट आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. जिन्यात ती दुसरीला सांगत होती, "देखते हैं मतलब नहीं."

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितो. तिनं बरोबर ऐकलं. एकट्यानं आधी कळवायला लागलो तर ग्राहक दुसऱ्याकडे जाईल, या भीतीनं मी 'नाही'च म्हणालो होतो. उद्याच्या ड्युट्या आत्ताच पाठवल्या. तिला सकाळची लावली आहे. आईची मशीनची वेळ उद्या आहे का, हे मी विचारलं नाही.