शुक्रवारचा अग्बादा

इबादान, १६ ऑगस्ट

प्रिय दादा,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते. यात माझं मत कुठंही नाही.

१. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तू इसेयिनला घरी आलास आणि बाबांचा तो घोळदार झगा, निळ्या एतू कापडाचा अग्बादा, 'दुकानासाठी फोटो काढतो' म्हणून लागोसला नेलास.
२. मेच्या शेवटी तू एक अग्बादा आणून त्यांच्या पेटीत ठेवलास.
३. तो त्यांचा नव्हता. तो एप्रिलमध्ये लामिदीकाकांच्या मागावर विणलेला होता.
४. इलेयाला, बकरी ईदच्या नमाजाला, बाबा तोच घालून गेले.
५. बाबांचा अग्बादा तुझ्या दुकानात कापला गेला. त्याची चार जाकिटं झाली.
६. नवं कापड जुनं दिसावं म्हणून ते कुठं किती घासायचं, हे ज्या कागदांवरून ठरलं ते कागद माझे होते.

यातलं एखादं कलम चुकलं असेल तर कळव, मी दुरुस्त करीन.

सहाव्या कलमापासून सुरू करते, कारण त्याचा हिशेब मला माझ्याशीच करायचा आहे. तू दुकान काढलंस तेव्हा आपण मागच्या पडवीत बसून यादी केली होती. पुरुषाला मोजके कपडे पुरेत: एतूचा एक अग्बादा, रानरेशमाच्या सान्यानचा एक, जाड सुताची विजार, साध्या विणीचे तीन सदरे, कानोच्या कातड्याच्या चपला. वर्षाला एकच वस्तू घ्यायची, ती घालून घालून मऊ करायची, मग पुढची. तू म्हणालास, "सिदी, गिऱ्हाइकाला हे पटवायचं तर पुरावा लागेल. कापड वापरानं सुधारतं हे तू आकड्यांत दाखव." मला ते आवडलं. कोणी माझ्याकडे पुरावा मागितला की मला आवडतंच. मी कॉलेजपासून आठ वर्षं, दर इलेयाच्या आधी, बाबांचा अग्बादा टेबलावर पसरून भिंगाखाली पाहत आले होते. डाव्या खांद्यावरची घडी सारखी वर सरकवून तिथलं सूत किती सपाट झालं, कोपराशी किती चकाकी आली, मागच्या घेरावर मशिदीच्या चटईनं निळा रंग किती उजळला, सगळे तक्ते तयार होते. ते बांधून मी तुला दुकान उघडायच्या दिवशी दिले. वाटलं, तू गिऱ्हाइकाला सांगशील, की बाबा रे, असा घाल, चौतीस वर्षांनी असा दिसेल.

तो अग्बादा तुझ्या बारशासाठी विणला होता हे तुला माहीत आहे. नवा असताना तो इतका ताठ होता, की बाबा खाली बसले तरी कापड उभंच राहायचं, असं आई अजून सांगते. ती हेही सांगते, की पहिली दोन वर्षं दर शुक्रवारी बाबांची मान निळी व्हायची आणि आतल्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर धुता धुता तिचे हात. मग हळूहळू एतू रंग सोडायचा थांबला. मी जन्मायच्या आधीच थांबला. म्हणून माझ्या तक्त्यांमध्ये त्याचा रकाना नव्हता, दादा. जे मला कधी दिसलंच नाही ते मी मोजलं नाही, आणि जे मी लिहिलं नाही ते तुला सुचलं नाही.

इलेयाच्या दिवशी बाबा ईदगाहावरून परतले. अंगणात बोकडाचं मांस वाटायचं चाललं होतं. आईनं त्यांच्या मानेकडे पाहिलं आणि सुरीच खाली ठेवली. "अहो, या वयात मान निळी? नमाजाला गेला होतात की दुसरं लग्न लावून आलात?" शेजारच्या बायका हसून हसून वाकल्या. बाबा म्हणाले, "ऊन केवढं आहे बघ. घाम आला." आणि सदरा बदलायला आत गेले. तू तिथंच होतास. पानात मांडीचा तुकडा होता. तूही हसलास.

मी आधी खात्री करते, मग बोलते. आठ दिवसांनी पुन्हा घरी गेले तेव्हा शुक्रवार होता. दुपारी मागच्या बाजूला पाण्याचा आवाज आला. बाबा नळाशी उकिडवे बसून काळ्या साबणानं सदऱ्याची कॉलर घासत होते. दादा, त्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. मला पाहून त्यांनी कॉलर मुठीत धरली. म्हणाले, "तुझ्या त्या भिंगाला काय सांगायचं ते सांग. आईला सांगू नकोस."

म्हणजे त्यांना माहीत होतं. खांद्यावर घेतला त्याच क्षणी कळलं, असं नंतर म्हणाले. वजन वेगळं होतं. मी विचारलं, मग घालता कशाला? "घातला नाही तर तुझी आई विचारेल, का घालत नाही. मग मी काय सांगू?" म्हणून ते तो दर शुक्रवारी घालतात आणि दर शुक्रवारी आई झोपली की कॉलर धुतात.

मी पेटी उघडून अग्बादा आतून पाहिला. चौदा वर्षांची असताना निखाऱ्यानं पडलेलं भोक मी स्वतः रफू केलं होतं, अकरा टाके, जरा फिक्या दोऱ्यानं, आणि आई ओरडली होती. ते टाके नव्हते. मग लामिदीकाकांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही, त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "वासिउ म्हणाला, बाबांना तसाच दुसरा हवाय. माझ्या बापानं विणलेला, मी नाही म्हणणार का? पण कागद घेऊन आला होता. कुठं किती घासायचं, सगळं लिहिलेलं. मी म्हटलं, विणीन, घासणार नाही. नवं कापड घासायचं म्हणजे तान्ह्या पोराला पांढरे केस चिकटवायचे. घासायचं तर लागोसला नेऊन घास." तुला एवढं स्पष्ट बोलणारा माणूस एप्रिलमध्येच भेटला होता, याची नोंद मी करून ठेवते आहे.

तुला मी जूनच्या शेवटी फोन केला. नुसतं विचारलं, दुकान कसं चाललंय. तू खुशीत होतास. "सिदी, तुझी यादी सुंदर, पण लोकांना तीस वर्षं कुठं आहेत? त्यांना आज हवंय. मी त्यांना ती तीस वर्षं शिवून देतो." मला वाटलं, तू पुढं सांगशील. मी थांबले होते. तू म्हणालास, "बरं, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय. आणि प्रयोगशाळेच्या बाईसाहेब, जरा हसत जा."

जुलैच्या बावीस तारखेला मी लागोसला, याबातल्या तुझ्या दुकानात आले. तू बाहेर गेला होतास. दर्शनी भागात एकच जाकीट टांगलं होतं. मी ते उलटून पाहिलं. डाव्या बगलेखाली अकरा टाके होते. तुझा विक्रेता चांगला आहे, मन लावून बोलतो. मला ओळखत नव्हता. म्हणाला, "हात लावून बघा ना मॅडम! हे घासलेलं नाही, खरंच अंगावर जुनं झालेलं. आमच्या मालकांच्या वडिलांचा अग्बादा होता. चौतीस वर्षं घातला त्यांनी." मी म्हटलं, मग त्यांनी कापू कसा दिला? त्यानं आवाज खाली आणला. "वडील वारले, मॅडम. त्यांची आठवण म्हणून मालकांनी चारच जाकिटं केली."

मी त्याला मालकांचं नाव विचारलं, मी बरोबर दुकानात आहे ना याची खात्री करायला.

चोरीचं मी समजू शकते. माझे तक्ते वापरलेस तेही, त्रास झाला तरी, समजू शकते. दिलेली वस्तू कशी वापरली जाईल यावर देणाऱ्याचा हक्क नसतो. पण तो विक्रेता आपल्या मनानं हे बोलला नसेल. तुला कधीतरी, कुठल्यातरी दिवशी, त्याला समोर बसवून हे वाक्य शिकवावं लागलं असेल. बाबा त्या दिवशी काय करत होते हे मी आठवायचा प्रयत्न केला. तारीख माहीत नसल्यामुळे जमलं नाही.

आता हे पत्र का, ते. काल शुक्रवार होता. बाबांनी पेटीतून सान्यानचा अग्बादा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हा बांधून वासिउला पाठव. थोरल्याचा आहे." मी म्हटलं, "बाबा, तो हाही कापेल." ते म्हणाले, "एतू मागितला असता तर दिला असता गं. हा मागायच्या आधी देतो. निदान यासाठी तरी त्याला खोटं बोलावं लागायला नको." मग सुतळी कुठं आहे म्हणून घरभर फिरले, ज्याला तू दुकानात मारून टाकलंस तोच माणूस तुझ्या पार्सलासाठी कपाटं धुंडाळत होता. एतू कापल्याचं त्यांना माहीत आहे; विक्रेत्याचं ते वाक्य मी सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही, तुला सांगायचं आहे. पार्सल माझ्याकडे इबादानला आहे. ते मी पोस्टानं किंवा कुणाच्या हाती पाठवणार नाही. ते परत इसेयिनला नेऊन बाबांच्या हातात देईन आणि तू ते समोर बसून त्यांच्याकडून घ्यायचं आहेस. नको असेल तर तसं स्वच्छ लिही, म्हणजे मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवीन. कुठल्या दिवशी येतोस ते ३० ऑगस्टपर्यंत मला लेखी कळव.

अजून तरी तुझीच धाकटी,
सिदिकात